वाफेचं पाणी

येमूल सरांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. नवीन शर्ट शिवायला टाकताना ते शिंप्याला स्वतःच सांगत, "ह्या बाजूला उतार आहे, ध्यानात ठेवा." खांदा जन्मापासून तसा नव्हता. एकच काम वर्षानुवर्षं करून तो तसा झाला होता, आणि ते काम मी पाच वर्षं रोज बघत होते.

एकाहत्तर साली सोलापूरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. येमूल सर तिथं लेक्चरर होते. वय अडतीस-एकोणचाळीस, डोक्यावर केस बेताचे, बोटांची टोकं कायम पिवळी. माझ्या पहिल्या दिवशी ते प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी उभे राहून सेपरेटिंग फनेल हलवत होते. पोटाशी फुगलेलं काचेचं भांडं, वर बूच, खाली तोटी. ते दोन्ही हातांत आडवं धरून खालीवर हलवायचं, मधेच उलटं करून तोटी उघडायची, आत कोंडलेली हवा फुस्स करून सोडायची, पुन्हा हलवायचं. पाच मिनिटं. आकडे ते तेलुगूत मोजत. मी नमस्कार केला तर मान हलवली, मोजणं थांबवलं नाही. मला वाटलं, माणूस शिष्ट दिसतोय. तसा तो नव्हता. मोजणं चुकलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं, एवढंच.

सर पीएच.डी. करत होते. विषय सांगायला सोपा होता. आम्लात यूरेनियम विरघळलेलं आहे, सोबत लोखंड आहे, आणखी चार धातू आहेत. त्यातून यूरेनियम तेवढं वेगळं काढायचं. त्यासाठी त्या आम्लावर अमाइन नावाच्या तेलकट द्रव्याचा थर ओतायचा आणि हलवायचं. यूरेनियम आम्लातून निघून तेलात जातं, बाकीची मंडळी बहुतेक खालीच राहतात. मग तेलाचा थर वेगळा करून सोड्याच्या पाण्यानं धुतला की यूरेनियम पुन्हा पाण्यात उतरतं, शुद्ध होऊन. ते किती आलं ते रंगावरून मोजायचं. एवढं झालं की आलेखावर एक ठिपका मिळतो. आम्ल थोडं वाढवायचं, पुन्हा तेच, दुसरा ठिपका. सरांच्या आयुष्याची ती वर्षं अशी ठिपक्या-ठिपक्यांनी गेली.

"तेलात का जातं हो ते?" मी एकदा विचारलं. पुस्तकातलं उत्तर मला येत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"आमच्या घरी रंगाच्या हौदात सुताची लडी बुडवतात," ते म्हणाले. "रंगाला पाण्यात राहायचं का सुतात जायचं, हे रंगच ठरवतो. आपण त्याचं मन वळवायचं. तिथं मीठ टाकून, इथं आम्ल टाकून. बाकी काही नाही, बिराजदारबाई."

त्यांचं घर भवानी पेठेत. पिढीजात विणकरी, पुढं वडिलांनी सूत रंगवण्याचा कारखाना काढला. वडील गेल्यावर तो मोठे भाऊ नरसय्या बघत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णा चौथीत शाळा सोडून हौदावर उभे राहिले, म्हणून धाकटा राजेशम एम.एस्सी. झाला. हे सरांनी मला कधी सांगितलं नाही, अण्णांनी मात्र पहिल्या भेटीतच सांगून टाकलं.

सरांचं एक वाक्य कॉलेजभर झालं होतं. फनेल हलवून स्टँडला लावलं की ते हात पुसत म्हणत, "आता थर बसू द्या." मग दहा मिनिटं काही करायचं नसे. तेवढ्यात ते कडक भाकरीचा तुकडा शेंगाच्या चटणीत बुडवून खात. स्टाफरूममध्ये वेळापत्रकावरून भांडण पेटलं, दोन प्राध्यापक एकमेकांच्या अंगावर धावले, तरी येमूल सर कोपऱ्यातून म्हणायचे, "थर बसू द्या, थर बसू द्या." मला कधीकधी ह्या माणसाचा राग यायचा. जगात सगळं आपोआप खाली बसतं असं ह्याला वाटतं की काय?

यूरेनियमची बाटली सरकारी परवानगीनं आलेली होती. अर्जावर अर्ज करून मिळालेली, एवढीशी. आत पिवळे, किंचित हिरवट खडे. प्राचार्यांनी ती परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांबरोबर लोखंडी कपाटात ठेवली, आणि त्या दिवसापासून त्या कपाटाला पाठ लावून बसायला कुणी तयार होईना. पुढं चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात राजस्थानात अणुस्फोट झाल्याची बातमी आली, तेव्हा तर कहरच झाला. कॉलेजसमोरचा चहावाला सरांना म्हणाला, "सर, तुमी पण त्यात हायसा म्हनं?" सर म्हणाले, "मी नुसता धुतो रे. कपडे धुतात तसं." चहावाल्याचा विश्वास बसला नाही. उलट त्या दिवसापासून तो सरांचा कप दोनदा विसळायला लागला.

पण मी पुढं गेले. त्याच्या आधी बहात्तर साल येऊन गेलं होतं.

ते दिवस आठवले की मला आधी घाम आठवतो आणि मग रांगा. नळाला पाणी नाही, विहिरी तळाला. डिस्टिल्ड वॉटर बनवायच्या यंत्राला वाफ थंड करायला नळाची धार सतत लागते. एक बाटली शुद्ध पाण्यासाठी बादल्यांवर बादल्या पाणी मोरीत सोडायचं. प्राचार्यांनी ते यंत्र बंद करायला लावलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. चूळ भरायला पाणी नाही तिथं कसलं डिस्टिल्ड! पण सरांचं काम त्या पाण्यावर अडून बसलं. नावनोंदणीची मुदत काही दुष्काळ म्हणून थांबणार नव्हती.

आठवड्यानं सर सायकलवरून आले ते कॅरिअरला कार्बा, म्हणजे आम्लाची असते तसली मोठी पोटफुगी काचेची बाटली बांधून, तिला गोणपाट गुंडाळून. कार्ब्यात पाणी.

"अण्णांनी दिलं," ते म्हणाले. कारखान्यात हौद तापवायला लहानसा बॉयलर होता. बॉयलरची वाफ नळीतून हौदात फिरायची आणि दुसऱ्या टोकाला थंड होऊन थेंब थेंब बाहेर पडायची. हे पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटरच की. लहानपणापासून बघितलेली नळी, पण डोक्यात आता आली. सरांनी माझ्यासमोर ते पाणी तपासलं. लोखंड नाही, क्लोराइड नाही, काहीच नाही. इतके खूश मी त्यांना नंतर कधी बघितलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी भवानी पेठ ते कॉलेज, कॅरिअरला कार्बा. एकदा शुक्रवार पेठेत घागरींच्या रांगेतल्या एका म्हातारीनं त्यांची सायकल धरली. "मास्तर, येवडं पानी कुटं नेताय? हितं लेकरं तान्हेली हायती." सरांनी समजावलं, आजी, हे प्यायचं पाणी नाही. म्हातारी ऐकेना. मग त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि तिचा तांब्या भरून दिला. तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "ह्याला चवच न्हाय की! असलं कसलं पानी?" हा किस्सा सर महिनाभर सांगत होते. चव नाही म्हणजे काय, शुद्धतेचं सर्टिफिकेटच की!

ह्याच पाण्यावर त्यांच्या आलेखाला वाक आला.

सगळ्या पुस्तकांप्रमाणे त्यांची रेघ सरळ वर जायला हवी होती. पण आम्ल कमी असलेल्या टोकाला ती खाली वाकायला लागली. तिथं यूरेनियम तेलात जायला कुरकुरत होतं, पाण्यात मागं राहत होतं. सरांनी ते ठिपके तीन-तीनदा काढले. वाक तिथंच. दुसऱ्या गावी असलेले त्यांचे गाइड तर हरखले. कमी आम्लात यूरेनियमचं काहीतरी वेगळंच रूप तयार होत असणार, आजवर कुणी न सांगितलेलं. "येमूल, हा वाक म्हणजेच तुमचा प्रबंध," असं पत्र आलं. सरांनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभे राहिले. दोन वर्षं त्यांनी त्या वाकाभोवती घालवली. चार प्रकरणं लिहून झाली. अण्णांनी घरात सांगून टाकलं, राजू डॉक्टर होणार.

चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात बी.एस्सी.च्या मुलांचं क्षारपरीक्षण चालू होतं. दुष्काळानंतर पुन्हा सुरू झालेलं कॉलेजचं यंत्र त्या आठवड्यात बिघडलं होतं. सर अजून घरचंच पाणी वापरत, म्हणून मी त्यांना विचारून त्यांच्या कार्ब्यातलं पाणी मुलांना दिलं. सांगोल्याकडची शालन नावाची एक मुलगी होती, शेतकऱ्याघरची, कुणाचं न ऐकणारी. ती परीक्षानळी घेऊन माझ्याकडं आली. फॉस्फेट ओळखायची एक साधी चाचणी असते. नायट्रिक आम्ल आणि अमोनियम मॉलिब्डेट घालून गरम केलं की पिवळा साका येतो.

"बाई, माज्या क्षारात फॉस्फेट येतंय."

"येणार नाही. पुन्हा कर."

"दोनदा केलं. मग नुसतं पानीच घिऊन बगितलं. त्यातबी पिवळं येतंय की."

मी तिच्या हातातली नळी घेतली. रंग फिका होता, पण होता. तिला "जा, जागेवर बस" म्हणाले आणि ती नळी खिडकीशी धरून किती वेळ उभी राहिले कोण जाणे. फॉस्फेट यूरेनियमला पाण्यात धरून ठेवतं. आम्ल जास्त असेल तर त्याचं फार चालत नाही, आम्ल कमी झालं की चालतं. बरोबर त्याच टोकाला, जिथं सरांचा वाक होता.

मी दोन दिवस गप्प राहिले. हे लिहायला मला आजही लाज वाटते. तिसऱ्या दिवशी सर फनेल स्टँडला लावून भाकरी खायला बसले तेव्हा सांगून टाकलं. त्यांनी घास खाली ठेवला. एक लिटर पाणी मोजून घेतलं, शेगडीवर ठेवून कपभर होईपर्यंत आटवलं आणि चाचणी केली. ह्या वेळी पिवळा साका नळीच्या तळाला चांगला बोटभर बसला.

रंग मोजण्याआधी ब्लँक, म्हणजे यूरेनियम न घालता नुसत्या पाण्याची चाचणी, ते रोज घेत, आणि तो रोज कोरा यायचा, कारण फॉस्फेट त्या रंगाच्या वाटेला जातच नाही. लोखंड, क्लोराइड त्यांनी पहिल्या दिवशी बघितलं होतं. नंतर नाही. दुसऱ्या कुणाचं पाणी असतं तर दर आठवड्याला तपासलं असतं. घरचं पाणी कोण तपासतं?

संध्याकाळी ते मला घेऊनच कारखान्यात गेले. अण्णा नव्हते. बॉयलरवाल्याला विचारलं, बॉयलरात काही टाकता का?

"व्हय, पावडर टाकतो की," तो म्हणाला. "दुष्काळात पानी लई खारं झालतं, नळ्या गच्च व्हायला लागल्या. मालकांनी सोता जाऊन आनली. बॉयलर बंद पडला तर राजूचं पानी बंद पडंल म्हनले. तवापासनं टाकतोय."

पावडर फॉस्फेटची होती. तिच्यानं बॉयलरात फेस धरायचा आणि वाफेबरोबर पाण्याचे बारीक तुषार नळीत जायचे. सरांनी बॉयलरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला, "चांगलं करतोस," म्हणाले. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाले, "अण्णांना ह्यातलं काही कळता कामा नये."

गाइडांचं म्हणणं वेगळं पडलं. ते म्हणाले, पाणी कुठून आणलं हे प्रबंधात कशाला लिहायचं? परीक्षक काय प्रयोग करून बघणार आहेत? मुदतीला दीड वर्ष उरलं आहे, सादर करून मोकळे व्हा. सरांनी हे मला जसंच्या तसं सांगितलं. मी विचारलं, "मग?" खरं सांगायचं तर मला वाटत होतं, करावं सादर. माणूस दमला होता. घरी दोन मुली, बायकोचं आजारपण. कुणाचं काय बिघडणार होतं?

"तो वाक यूरेनियमचा नाही, बाई," सर म्हणाले. "आमच्या बॉयलरचा आहे. त्याला यूरेनियमचं नाव कसं द्यायचं?"

सगळं पुन्हा करायचं ठरलं, पण बाटलीत खडे उरले नव्हते. नव्या परवानगीला वर्ष गेलं असतं. तेव्हा सरांनी ओट्याखालची दारं उघडली. आत बरण्याच बरण्या. गेल्या तीन वर्षांतलं प्रत्येक प्रयोगाचं उरलेलं आम्ल, उरलेलं तेल, सगळं साठवलेलं. रंगारी माणूस हौदातला उरलेला रंग गटारात सोडत नाही, त्यात पुढची फिकी लडी बुडवून काढतो. ही सवय त्यांच्या अंगात मुरलेली होती, आणि आम्ही सगळे त्या बरण्यांना "येमूल सरांचं लोणचं" म्हणून हसत होतो.

पंचाहत्तर साल त्या लोणच्यात गेलं. जी रीत त्यांनी ठिपक्यांसाठी वापरली, तीच आता उरल्यासुरल्यातलं यूरेनियम परत काढायला वापरली. बरणीतलं घाण आम्ल फनेलमध्ये, वर अमाइनचा थर, पाच मिनिटं. यूरेनियम तेलात, फॉस्फेट खाली. सोड्यानं धुवायचं, आम्ल घालून उकळायचं, मग अमोनिया. अमोनिया पडला की भांड्यात हळदीसारखा पिवळा साका धरायचा. तो गाळायचा, पुन्हा आम्लात विरघळवायचा, पुन्हा तेच. एकदा पुरेसं शुद्ध होत नसे. फेब्रुवारीत खिडकीतून ऊन ओट्यावर यायचं, मेमध्ये ओट्याला हात लावता येत नसे, आणि सर तिथंच. मी तास संपवून कधी फनेल हातात घ्यायचे, तर दोन फेऱ्यांत माझे दंड भरून यायचे. त्यांचं मोजणंही आता पुटपुटण्यासारखं झालं होतं. एकदा ते मोजता मोजता थांबले आणि म्हणाले, "कितवा होता?" मला तेलुगू कुठं येत होतं? त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं.

डिसेंबरात एका लहान बाटलीत पुरेसे पिवळे खडे जमले. ह्या वेळी पाणी कॉलेजच्याच यंत्राचं, आणि रोज तपासलेलं. अण्णांकडचा कार्बाही ते रोज आणतच होते. आणायचे आणि झाडांना घालायचे.

मार्चमध्ये नवा आलेख पुरा झाला. रेघ सरळ. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टीनं ओढल्यासारखी. सर तो कागद घेऊन गाइडांकडं गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. मी प्रयोगशाळेत वाट बघत होते.

"काय म्हणाले?"

"हीच रेघ कुणीतरी मागच्या वर्षी छापून टाकली आहे. आमच्याकडं नवीन काही उरलं नाही. मुदतवाढीला कारण नाही." ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "पण बघा, त्यांचंही तेच आलं. म्हणजे आपलं बरोबर होतं."

मला रडू आलं. मी तोंड फिरवून उगाच परीक्षानळ्या विसळत राहिले. ते मात्र रडले नाहीत. नुसते बसून राहिले, सुगी उरकलेल्या बैलासारखे.

त्याच उन्हाळ्यात माझी नांदेडकडं नेमणूक झाली. जाण्याआधी चादरी घ्यायच्या होत्या. सर म्हणाले, "दुकानात कशाला जाता? अण्णांकडं चला, ते मागवाल्याकडून काढून देतील."

अण्णा हौदापाशी उभे होते, कोपरापर्यंत लाल. मला बघताच म्हणाले, "या बाई, या. आता तुमीच सांगा, आमचा तम्मुडु डॉक्टर कदी व्हनार? सारी पेठ इचारतीय." तम्मुडु म्हणजे धाकटा भाऊ. मी सरांकडं बघितलं. म्हणजे त्यांनी घरी अजून सांगितलंच नव्हतं!

"ते मी सोडलं, अण्णा," सर म्हणाले.

"सोडलं? का?"

"कंटाळा आला."

अण्णांचा आवाज चढला. "कंटाळा? चार वर्सं रोज पानी दिलं मी तुला. एक दिवस खाडा न्हाय. बॉयलर बंद पडू दिला न्हाय. ते पानी चांगलं नव्हतं का?"

मी तोंड उघडणार होते. सर घाईनं म्हणाले, "पाणी चांगलंच होतं. पाण्याची काही चूक नव्हती."

"मग तुजीच चूक," अण्णा म्हणाले. "ल्हानपनापासनं आसंच. आळशी! कुटलं काम शेवटाला न्हेत न्हाय. बाई, तुमी तरी सांगायचं हुतं ह्याला."

"व्हय अण्णा," सर म्हणाले.

अण्णांनी रागारागानं हौदातून लडी वर ओढली. ओल्या लडीला पिळायला दुसरा माणूस लागतो. सरांनी बाह्या वर केल्या, दुसरं टोक धरलं आणि अण्णा पिळत होते त्याच्या उलट दिशेला पिळायला लागले. अण्णांचं बोलणं चालूच होतं. सर मान खाली घालून ऐकत होते, आणि लाल पाणी दोघांच्या पायांवर पडत होतं.